इसोगाईची हाक

कुशिउराच्या लोकांची आठवण मोठी खोडसाळ. शुगो मिनेगिशीने अकरा हंगाम गावच्या क्लबचा बचाव सांभाळला, दोनदा नाक मोडून घेतलं, गुडघ्यात स्क्रू बसवून घेतले. यातलं काही बंदरावर विचारा, लोक डोकं खाजवतील. पण एक चेंडू मात्र शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. तो घडला तेव्हा जी जन्मालाही आली नव्हती, तीदेखील शाळेच्या मैदानात तो करून दाखवतात आणि पोट धरून हसतात.

शुगो हा तोकुजी न्हाव्याचा एकुलता एक मुलगा. तोकुजीचं दुकान बंदराकडून देवळाकडे चढणाऱ्या रस्त्यावर, दोन खुर्च्यांचं. बायको लवकर गेली, मग पोर आणि वस्तरा एवढ्यावरच त्याने आयुष्य काढलं. माणूस बोलका. आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकला की मगच त्याला सगळं सुचायचं, त्यामुळे त्याचं बोलणं मधे कोणी तोडत नसे. पोराचा खेळ हा त्याचा आवडता विषय. गंमत अशी की पोराचा एकही सामना त्याने मैदानावर जाऊन पाहिला नव्हता. सामने शनिवारी-रविवारी, न्हाव्याची सुट्टी सोमवारी. गिऱ्हाइकाच्या दिवशी दुकान बंद ठेवून चालणार कसं? तो रेडिओ लावायचा आणि शुगोचं नाव आलं की कात्री थांबवायचा.

पंधराव्या वर्षी शुगो फुटबॉलसाठी नावाजलेल्या एका शाळेच्या वसतिगृहात गेला. तिथे त्याला इसोगाई भेटला. गोलकीपर, उंचापुरा, देखणा, आणि आवाज असा की मैदानाबाहेरून जाणारी माणसंही दचकून थांबावीत. शुगोहून फक्त एका वर्षाने मोठा. पण एका वर्षाने मोठा म्हणजे सेन्पाई, आणि सेन्पाई तो मरेपर्यंत सेन्पाई. यात आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. शुगोने त्याचे बूट घासले, मोजे धुतले, झोपण्याआधी त्याचे पाय चेपले. इसोगाई दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर शुगोला त्याचा राग तरी आला असता.

मैदानावर नियम एकच. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, बचावाच्या खेळाडूला पाठीमागचं दिसत नाही, म्हणून गोलकीपरची हाक आली की विचार करायचा नाही. "बाहेर!" म्हटलं की चेंडू मैदानाबाहेर, "मागे!" म्हटलं की गोलकीपरकडे. एखाद्याने खात्री करायला नुसती मान वळवली तरी बचावाची अख्खी रांग मैदानाला फेऱ्या मारायची, इसोगाईला कंटाळा येईपर्यंत. ज्याच्यामुळे फेऱ्या पडल्या त्याची वसतिगृहात कशी पूजा व्हायची, ते शुगोने पहिल्याच महिन्यात अंगावर घेतलं. त्यानंतर त्याने कधी मान वळवली नाही. प्रशिक्षक कौतुकाने म्हणायचे, "मिनेगिशीचा पाय डोक्याची वाट बघत नाही." शुगोला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. बिचारा!

शाळा संपल्यावर इसोगाई कुशिउराच्या क्लबात आला आणि पुढच्या वर्षी शुगो. शुगोसाठी इसोगाईनेच शब्द टाकला होता. हे उपकार त्याने कधी बोलून दाखवले नाहीत. गरजच नव्हती.

मग ती अकरा वर्षं. इसोगाई ओरडायचा, शुगो करायचा. वर्तमानपत्रात फोटो इसोगाईचा यायचा, कोपऱ्यात कुठेतरी शुगोचा खांदा. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. चिहारूशी लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्याने आधी इसोगाईला सांगितलं, मग बापाला. चिहारू दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची, जिभेला धार होती. ती म्हणाली, "मग पत्रिकेवर नवरा म्हणून कुणाचं नाव टाकायचं तेही त्यांनाच विचारून घे."

आता तो चेंडू.

हंगामाचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर. बरोबरी झाली असती तरी क्लब दुसऱ्या श्रेणीत टिकला असता, आणि सामना संपत आला तरी बरोबरीच होती. समोरच्यांनी एक लांब चेंडू टाकला. शुगो आपल्याच गोलकडे तोंड करून धावला आणि चेंडूवर पोचला. मागे एक फॉरवर्ड, पण दोन पावलं दूर. आणि त्या दिवशी, नशीब बघा, मान न वळवताच त्याला सगळं दिसत होतं. इसोगाई पुढे येताना घसरला होता आणि गोल सोडून भलतीकडेच, उजव्या बाजूला गुडघ्यावर उठत होता. गोल रिकामा, सताड उघडा. चेंडू नुसता बाहेर मारायचा होता. कुणाही शहाण्या माणसाने तो बाहेरच मारला असता.

तेवढ्यात हाक आली. "मागे!"

शुगोला कळत होतं की हाक चुकीची आहे. आपण कुठे घसरलोय हे हाक देणाऱ्याला उमगलेलं नाही, हेसुद्धा कळत होतं. पण हे कळेपर्यंत पायाने चेंडू दिला होता. नेहमी द्यायचा तिथे, गोलच्या मधोमध, अगदी हळुवार, सेन्पाईला त्रास होऊ नये असा. चेंडू इतका सावकाश गेला की इसोगाईला उठून त्याच्यामागे धावायला आणि झेप घ्यायलाही वेळ मिळाला. बोटं पोचली नाहीत. गोल झाला आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. त्या क्षणाचा फोटो सगळीकडे छापून आला. गोलकीपर आडवा, हात ताणलेला, तोंड मातीत, आणि मागे शुगो हात लोंबकळत उभा. कोणी जीव टाकला आणि कोणी घात केला, ते ठरवायला गावाला एवढा फोटो पुरला.

कपडे बदलायच्या खोलीत इसोगाई शुगोच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोंगाट होता रे. माझी हाक तुला ऐकू आली नसेल."

शुगोने वर पाहिलं. इसोगाईच्या डोळ्यांत विनवणी होती की हुकूम, हे त्याला आजही सांगता येणार नाही. तो म्हणाला, "नाही आली. चूक माझी."

बाहेर लोक खेळाडूंची बस अडवून जमिनीवर बसले होते. हरलं की बसतात तसे, पण त्या दिवशी घरी जायला कोणी तयार नव्हतं. इसोगाई भोंगा घेऊन खाली उतरला, शेजारी शुगोला उभं केलं. शुगोने भोंग्यातून माफी मागितली. एक बाई मुलाला कडेवर घेऊन उठली आणि ओरडली, "आवाज चढव! तुला ऐकू येत नाही, आम्हाला येतं!" लोक हसले. रडता रडता हसले. भोंगा हातात धरून शुगो वाकलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तोकुजीने खुर्ची पुसता पुसता एकच विचारलं, "हाक आली होती का?"

"आली होती," शुगो म्हणाला. "मागे म्हणून."

"बस," बाप म्हणाला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

शुगोला वाटलं, एका माणसाला तरी खरं ठाऊक आहे, तेवढं पुरे. पण गळ्यावर वस्तरा टेकल्यावर बोलणाऱ्याला खरं सांगून ते पुरेल कसं? त्या दिवसापासून तोकुजी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला. "हाक आली होती. माझा पोरगा हाकेशिवाय मागे देणारच नाही. माझ्याशी तो खोटं बोलत नाही." इसोगाई म्हणजे गावाचा लाडका. त्याच्यावर बोट ठेवणारा न्हावी कुणाला रुचणार? लोक साबणाच्या फेसाखालून "हं, हं" करायचे आणि पुढच्या महिन्यात स्टेशनजवळच्या सलूनमध्ये जायचे. दुकानदारांच्या संघटनेने त्याच्या काचेवरचं क्लबचं पोस्टर काढून नेलं. "तुम्हालाच ते बघवत नसेल," असं वर हसून सांगितलं. मग उन्हाळी उत्सवाच्या कामातून त्याचं नाव गळलं. पाच-सहा म्हातारी गिऱ्हाइकं उरली. त्यातल्या दोघांना नीट ऐकू येत नव्हतं.

आणि शुगो? क्लबने पुढचा करार केला नाही. इतरांना निरोप देताना मैदानाच्या मध्यभागी फुलं देतात, माईक देतात, घरच्यांना बोलावतात. त्याला ऑफिसात बोलावून बूट पिशवीत भरून दिले. डिसेंबरात क्लबांनी सोडून दिलेल्या सगळ्या खेळाडूंची एकत्र चाचणी होते, तिथे तो छातीवर नंबर बांधून दोन दिवस धावला. एका क्लबचा माणूस कागद बंद करता करता म्हणाला, "पाय चांगला आहे. कान तपासून घे." त्यानंतर तो माशाच्या वड्यांच्या कारखान्यात लागला, वाफेच्या यंत्रापाशी.

कारखान्यात वर्षअखेरीच्या मेजवानीला नव्या माणसाने काहीतरी करून दाखवायचं असतं. कोणी गातं, कोणी नकला करतं. शुगोने काय करायचं हे विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. विभागप्रमुख दारूने लाल झालेलं तोंड घेऊन चटईवर गुडघे टेकून बसला आणि ओरडला, "मागे नको रे, मिनेगिशी, बाहेर!" शुगोने पायाने हळूच एक संत्रं सरकवलं. विभागप्रमुखाने झेप घेतली, ताटंवाट्या उडाल्या, लोक हसून हसून लोळले. "काय टायमिंग आहे!" पुढच्या वर्षी तो नवा नव्हता, तरी फर्माईश झाली. मग दर वर्षी झाली. तो दर वर्षी संत्रं सरकवायचा आणि हात लोंबकळत उभा राहायचा. चिहारू म्हणायची, "एकदा त्याच्या तोंडावर मार ना ते संत्रं." शुगो म्हणायचा, "विभागप्रमुख आहे तो." एवढंच उत्तर पुरेसं आहे असं त्याला खरंच वाटायचं.

अशी आठ वर्षं गेली. क्लब पुन्हा वर आला. इसोगाई आता क्लबचा कारभारी, केस पिकले तरी देखणाच. एका रविवारी दुपारी तो मिठाईचा डबा घेऊन शुगोच्या घरी आला.

"तुझा निरोप राहून गेला रे," तो म्हणाला. "शेवटच्या सामन्यानंतर करू या. फुलं, माईक, सगळं. लोकांनाही आता बरं वाटेल. वर आलोय, राग राहिलेला नाही."

चहा ठेवता ठेवता चिहारू म्हणाली, "लोकांचा राग गेला? वा! आमचा कुणी विचारलाच नव्हता."

"चिहारू," शुगो म्हणाला. मग चटईकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने सेन्पाईकडे काही मागितलं. "मला फुलं नकोत, सेन्पाई. एक वाक्य सांगा. हाक तुमची होती एवढंच. माझ्यासाठी नाही. बाबांना सगळं गाव खोटारडा म्हणतंय. ते आता सत्तरीला आले. त्यांच्या कानावर ते तुमच्या तोंडून एकदा पडू दे."

इसोगाईचे डोळे भरून आले, अगदी खरे. "माझ्याही पोटात आठ वर्षं आहे रे ते," तो म्हणाला. "सांगीन. सगळ्या मैदानासमोर सांगीन."

तो गेल्यावर चिहारूने मिठाईचा डबा उघडलासुद्धा नाही. "सांगणार असता तर इथेच, बाबांच्या दुकानात जाऊन सांगितलं असतं. दोनशे पावलांवर तर आहे."

"शब्द दिलाय त्यांनी."

"तू ना, मेल्यावरही त्याच्या हाकेवर उठशील."

तोकुजीला कळलं तेव्हा म्हातारा दुकानाच्या मागे जाऊन नाक शिंकरून आला. मग सामन्याच्या आदल्या दिवशी तो तडक स्टेशनजवळच्या सलूनमध्ये गेला, जिथे त्याची सगळी गिऱ्हाइकं पळाली होती. तीच मंडळी तिथे बाकावर बसलेली.

"काय तोकुजी-सान, आज आमच्याकडे?" सलूनवाल्याने विचारलं.

"स्वतःच्या मानेवर वस्तरा चालवता येत नाही. नीट काप. उद्या मला ही मान ताठ ठेवायची आहे." बाकाकडे वळून तो म्हणाला, "तुम्हीही या सगळे उद्या. ऐकायला या."

शनिवारी त्याने दुकानाला कुलूप लावलं, काळा कोट चढवला आणि मुख्य स्टँडमध्ये चिहारूशेजारी जाऊन बसला. स्टँड म्हणजे कसलं असतं हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. सामना संपेपर्यंत तो टोपी मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखा बसून होता. मागच्या रांगेत सलूनच्या बाकावरची माणसं होती, दुकानदारांच्या संघटनेची होती, आपापसांत कुजबुजत होती. बोलावल्याप्रमाणे सगळी आली होती.

सामन्यानंतर शुगोला मध्यभागी नेलं. स्वच्छ ऊन होतं. लोक उठून गेले नाहीत. त्याच्या नावाने आरोळी आली. इसोगाईने माईक घेतला.

"आठ वर्षांपूर्वीच्या त्या चेंडूबद्दल आज मला काही कबूल करायचंय," तो म्हणाला, आणि मैदान शांत झालं. शुगोने स्टँडकडे पाहिलं. बाप पुढे वाकला होता, हात कानामागे धरून.

"हाक माझी होती," इसोगाई म्हणाला.

शुगोने डोळे मिटले. झालं, त्याला वाटलं. सुटलो.

"'बाहेर!' म्हणून ओरडलो होतो मी," इसोगाईचा आवाज भरून आला. "पण हवा तितक्या जोरात नाही ओरडलो. गोंगाटात याच्यापर्यंत ती पोचली नाही. आठ वर्षं मला झोप लागत नाही, अजून मोठ्याने का नाही ओरडलो म्हणून! दोष एकट्या याचा नव्हता हो. शुगो, मी तुला केव्हाच माफ केलंय. आज तुम्हीही करा."

स्टँड फुटल्यासारखा टाळ्यांनी भरून गेला. बायका रडत होत्या. त्या दिवशी भोंग्यापुढे ओरडलेल्या बाईसारखी एखादी आजही असेल, तर तीही रडत असेल. शुगोने इसोगाईच्या तोंडाकडे पाहिलं. ते ओलं होतं, खरं होतं. या माणसाने आठ वर्षांत ती हाक स्वतःशीच बदलून टाकली होती आणि आता त्याला तीच आठवत होती, की हा सगळ्या जगासमोर धडधडीत खोटं बोलत होता? शुगोला कळेना. इसोगाईने त्याच्या हातात माईक दिला आणि कानाशी हळूच म्हणाला, "आभार मान."

हातात माईक होता. सगळं गाव समोर होतं. शुगोने बापाकडे पाहिलं. तोकुजी उभा राहिला होता आणि जोरजोरात मान हलवत होता, बोल, बोल. एकच वाक्य होतं. शुगोच्या जिभेवर ते तयार होतं, आठ वर्षं तयार होतं. त्याने तोंड उघडलं.

"आभारी आहे, सेन्पाई," तो म्हणाला. "चूक माझी होती. सगळ्यांची माफी मागतो."

आणि कमरेत वाकला. वाकल्यावर त्याला समजलं की आपण काय बोललो. तरी वर उठायचं त्याला सुचेना, कारण शेजारी वाकलेला इसोगाई अजून उठला नव्हता.

मान वर केली तेव्हा तोकुजी खाली बसलेला नव्हता. म्हाताऱ्याने टोपी चिहारूच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि मागच्या रांगेकडे तोंड करून वाकला. चिहारू त्याची बाही ओढत होती, काहीतरी ओरडत होती. त्याने तिचा हात सोडवला. तो सलूनच्या बाकावरच्या माणसांपुढे वाकला, दुकानदारांपुढे वाकला, मग बाजूला सरकून पुढच्या लोकांपुढे. काय बोलत होता ते मध्यभागी ऐकू येत नव्हतं. ताजी कापलेली पांढरी मान तेवढी खाली जाताना दिसत होती, वर येताना दिसत होती. लोकांना गहिवरून आलं. त्यांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

शुगो फुलं हातात घेऊन जिन्यापाशी आला तेव्हा बाप एकटाच कठड्याला धरून उभा होता. चिहारू रागाने पुढे निघून गेली होती.

"त्या सकाळी मी विचारलं होतं तुला," तोकुजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "फक्त एवढंच विचारलं होतं. मी बाप होतो रे तुझा, क्लब नव्हतो. माझ्याशी का खोटं बोललास?"

हाक आली होती बाबा, मागे म्हणून आली होती, देवाशपथ. शुगोला हे सगळं बोलता आलं असतं. पण बाप आताच सबंध स्टँडपुढे वाकून आला होता. खरं सांगितलं तर त्या वाकण्याचं म्हाताऱ्याने काय करायचं?

"चुकलो, बाबा," तो म्हणाला.

"असू दे." तोकुजीने जिना उतरायला त्याचा दंड धरला. "आज तरी खरं बोललास. मला तेवढं पुरे."